खुंट्यानं मारलेली गाठ

“ब्रेड आणायला फावडं कशाला लागतं?” आर्डिसनं नवऱ्याला विचारलं.

नॉर्बर्ट दारात उभा होता. अंगात कोट, डोक्याला कानटोपी, हातात फावडं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो छोट्या छोट्या थापा निवडायचा, आणि त्याही फसायच्या.

“दुकानासमोर बर्फ साचला असेल. दुकानदार म्हातारा झालाय बिचारा.”

“तो तुझ्यापेक्षा लहान आहे.”

“दिसत नाही.”

“नॉर्ब, मंगळवारी तुझा खुबा कापायचाय.”

“बदलायचाय.”

“न कापता बदलतात का? आणि आज त्याच खुब्यावर तू स्टेडियममधला बर्फ उपसायला निघालायस. माझ्याकडे बघून बोल.”

नॉर्बर्टनं तिच्याकडे बघितलं. “उजवा मस्त आहे,” तो म्हणाला.

आर्डिसनं डोळे मिटून घेतले. बेलमार्श गावात या वाक्यावर उत्तर नव्हतं.

ते वाक्य होतं डेल राडमाकरचं. डेल बेलमार्श लॉगर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता. चेंडू कुणाकडे फेकायचा हे क्वार्टरबॅकनं ठरवायचं असतं, आणि तो ठरवेपर्यंत पलीकडचे चार-पाच दांडगे त्याच्या अंगावर कोसळत असतात. बाकीचे क्वार्टरबॅक अशा वेळी पळायचे. डेल जागचा हलायचा नाही, म्हणून गावानं त्याचं नाव ‘खुंटा’ ठेवलं होतं. एका डिसेंबरात, धुक्यात चेंडूही दिसत नव्हता अशा सामन्यात त्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. तो मैदानातून गेला नाही. त्यानं शेवटचा चेंडू डाव्या हातानं फेकला आणि सामना जिंकून दिला. नंतर पत्रकारांनी विचारलं, “खांदा कसा आहे?” डेल हसून म्हणाला, “दुसरा मस्त आहे.”

त्या दिवसापासून गावात कुणाचं काही मोडलं, बुडलं, जळलं, की लोक हेच म्हणायचे. शेतातलं एक कोठार जळालं तर दुसरं मस्त आहे. जॅन्सेन जुळ्यांपैकी एक वारला, तेव्हा पाद्रीबाबा प्रवचनात हेच म्हणाले, आणि उरलेला जॅन्सेन पहिल्या बाकावरून उठून सगळ्यांना हात करून खाली बसला.

नॉर्बर्टचं आयुष्य कागदाच्या गिरणीत गेलं होतं. संडासात लागणारे कागदी रोल खोक्यांत भरायचे, हे त्याचं काम. निवृत्तीच्या दिवशी गिरणीनं त्याला घड्याळ दिलं आणि वर्षभर पुरतील इतके रोल दिले. घड्याळ कधीच बंद पडलं होतं. या आयुष्यात त्यानं अभिमानानं सांगावं असं एकच होतं. सामन्याआधी बर्फ पडला की स्टेडियम गावाला हाक मारायचं, आणि तरुणपणापासून त्या हाकेला तो एकदाही चुकला नव्हता. खुंटा ज्या मैदानावर उभा राहिला त्याच्या पायऱ्या आपण झाडल्या, एवढं त्याला पुरे होतं.

डावा खुबा मात्र संपला होता. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा नॉर्बर्ट म्हणाला, “उजव्याचा दाखवा.” पायात मोजे चढवण्यासाठी तो सॉसेज भाजायचा चिमटा वापरायचा. मोज्याला सॉसेजचा वास येतोय की सॉसेजला मोज्याचा, हे कळेना झालं तेव्हा आर्डिसनं स्वतः फोन करून मंगळवार ठरवला. आता तो मंगळवार हुकवला तर पुढची तारीख उन्हाळ्यानंतर मिळणार होती. आणि सोमवारी गुपचूप फोन करून ऑपरेशन पुढं ढकलायचं, हे नॉर्बर्टनं मनात पक्कं केलं होतं. खुंट्यानं कधी ऑपरेशन करून घेतलं नव्हतं. निदान गावाला तसं माहीत होतं.

“येताना ब्रेड खरंच आण,” आर्डिस म्हणाली. “आणि बुटाची नाडी बांध. लोंबतेय.”

“रस्त्यात बांधतो,” नॉर्बर्ट म्हणाला. ती नाडी गुरुवारपासून लोंबत होती.

*

स्टेडियमच्या फाटकाशी ओळीत ड्युएन भेटला. तो गिरणीतला नॉर्बर्टचा दोस्त. त्याचे दोन्ही गुडघे गेले होते, त्यामुळे ‘दुसरा मस्त आहे’ म्हणायची त्याची सोयच राहिली नव्हती. तो कोपराबद्दल म्हणायचा.

“खुबा काय म्हणतो, म्हाताऱ्या?”

“झकास. तुझे गुडघे?”

“कोपर बघ कसलं आहे!” ड्युएननं कोपर हलवून दाखवलं. मग आवाज खाली आणला. “ऐकलंस का? खुंटा आलाय.”

“कुठं?”

“आत. उद्या मध्यंतराला त्याचा सत्कार आहे ना, तर म्हणतोय आज लोकांबरोबर बर्फ काढतो. टीव्हीवाले बरोबर आहेत. वय बघ त्याचं! आणि माझा जावई बघ, घरासमोरचा बर्फ काढायला माणूस लावतो.”

आत पायऱ्या-पायऱ्यांवर माणसं पसरली होती. बर्फ फावड्यानं उचलायचा आणि लाकडी पन्हळीत टाकायचा. पन्हळी वरच्या रांगेपासून थेट मैदानापर्यंत उतरत्या लावलेल्या होत्या. त्यांतून बर्फ सुसाट खाली जायचा आणि खाली ट्रक तो भरून न्यायचे. नॉर्बर्टला जी रांग मिळाली तिच्या दुसऱ्या टोकाला, पन्हळीला लागून, स्वतः डेल राडमाकर बर्फ उपसत होता.

टीव्हीवाल्यांनी त्याचं चित्रण केलं. “थंडी वाजत नाही का?” त्यांनी विचारलं. “एका बाजूनं वाजते,” डेल म्हणाला. सगळे हसले. मग टीव्हीवाले कॉफी प्यायला गेले. डेल म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं, मी एवढी रांग संपवतो.”

बेलमार्शची माणसं भिडस्त. खुंट्याला त्रास नको म्हणून आजूबाजूच्या रांगा आपोआप रिकाम्या झाल्या. लोक लांबून बघत राहिले. नॉर्बर्टची रांगच तीच असल्यामुळे त्याला हलता येईना. तो मान खाली घालून आपल्या टोकाकडून बर्फ काढत पुढं सरकला.

वरून ड्युएनचा आवाज आला. “बघा, बघा! मघापासून डोकं वर केलं नाही पठ्ठ्यानं! याला म्हणतात मेहनत!”

नॉर्बर्टनं बघितलं. डेलनं डोकं वर केलं नव्हतं हे खरं होतं. पण त्याच्या फावड्यावर बर्फही नव्हता. तो कमरेत काटकोनात वाकलेला होता आणि तसाच थांबला होता.

तो खेळत होता तेवढी वर्षं नॉर्बर्टनं टीव्हीसमोर या माणसाला अरे-तुरे केलं होतं. ‘फेक की गाढवा!’ असंही म्हटलं होतं. आता तोंडातून ‘तुम्ही’ निघालं.

“तुम्ही... बरे आहात ना?”

“एकदम मस्त,” डेल जमिनीशी बोलला. “तुझं नाव काय?”

“नॉर्बर्ट.”

“नॉर्बर्ट, लोक बघतायत का?”

“सगळे.”

“मग माझ्या शेजारी उभा राहा आणि फावडं मार. मीही मारतोय असं दिसू दे. पाठ अडकलीय. कधी सुटते, कधी नाही सुटत.”

नॉर्बर्ट शेजारी गेला. त्यानं एकाच पायरीवरचा बर्फ उचलला, दोघांमध्ये टाकला आणि पुन्हा उचलला. डेल हातातलं फावडं वीतभर पुढं-मागं करत राहिला. लांबून दृश्य मोठं उमदं दिसत होतं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

“मदत बोलावू का? खाली डॉक्टर असतात.”

“नको. उद्या सत्कार आहे. ही माणसं पहाटेपासून थंडीत उभी आहेत ती मी वाकडा कसा दिसतो हे बघायला नाही.” डेलची नजर नॉर्बर्टच्या पायांकडे वळली. “इथून बूट मात्र छान दिसतात. तुझी नाडी सुटलीय.”

“माहितीय. गुरुवारपासून.”

“बांधत का नाहीस?”

नॉर्बर्टनं फावडं मारलं. आर्डिसला, डॉक्टरांना, ड्युएनला जे सांगितलं होतं तेच जिभेवर आलं. पण समोर माणूस जमिनीकडे बघत विचारत होता. वाकलेल्या माणसासमोर ताठा दाखवणं त्याला जमेना.

“वाकता येत नाही,” तो म्हणाला. “डावा खुबा गेलाय. मंगळवारी ऑपरेशन आहे, ते मी ढकलणारे.”

“का?”

“उजवा मस्त आहे.”

डेल हसला. हसताना पाठ हलली असावी, कारण हसू मध्येच तुटलं आणि बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला.

“ते मी खांद्याबद्दल बोललो होतो रे,” तो म्हणाला. “खांदे दोन असतात. पाठ एकच असते. पहिल्यांदा दुखली तेव्हा डॉक्टर म्हणाला, उघडून नीट करू. मी म्हटलं, छे, मी खुंटा आहे. पाय इकडे आण.”

“काय?”

“पाय आण. मी आहेच इथं खाली.”

नॉर्बर्टनं डावा बूट पुढं सरकवला. डेलनं हातमोजा दातांनी ओढून काढला. त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती, एकही सरळ नव्हतं. त्या बोटांनी त्यानं नाडीची दोन टोकं पकडली, दोनदा निसटू दिली, तिसऱ्यांदा पकडली आणि गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक मारली. लहान मूल पहिल्यांदा मारतं तशी ती गाठ होती, गबाळी आणि दगडासारखी.

“झालं,” डेल म्हणाला. “सकाळ फुकट गेली नाही.”

वरून ड्युएन ओरडला, “अरे नॉर्ब, काय बोलतोय तो?”

“बर्फ ओला आहे म्हणतोय!” नॉर्बर्ट ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खोटं बोलणं जमलं.

पण टीव्हीवाले कॉफी संपवून जिन्याच्या तोंडाशी आले होते. डेलला पायऱ्या उतरता येणार नव्हत्या. नॉर्बर्टनं त्याच्याकडे नीट बघितलं, गिरणीत माल बघायचा तसं. माल सरळ होत नसेल तर खोका बदलायचा, हे तो तिथं शिकला होता. काटकोनातला माणूस उभा असला तर वाकडा दिसतो. तोच बसवला तर नुसता बसलेला दिसतो.

पन्हळीच्या तोंडाशी बर्फ ढकलायचं मोठं, सुपासारखं फावडं पडलं होतं. नॉर्बर्टनं ते पन्हळीत ठेवलं.

“बसा,” तो म्हणाला.

डेलनं मान तिरकी करून खाली जाणारी पन्हळ पाहिली. ती चांगलीच लांब होती.

“खाली काय आहे?”

“मऊ बर्फ. मघाशी आपणच टाकलाय.”

“मस्त,” डेल म्हणाला.

नॉर्बर्टनं त्याला काखेत धरून मागं टेकवलं. खुब्यातून कळ निघाली ती डोळ्यांपर्यंत गेली. डेल सुपात बसला. आता तो अगदी सहज बसल्यासारखा दिसत होता, गुडघे समोर, फावडं मांडीवर. “हे कुणाला...” तो म्हणाला. “कुणालाच नाही,” नॉर्बर्ट म्हणाला आणि त्यानं ढकललं.

बेलमार्शचा सर्वांत मोठा माणूस पन्हळीतून सुसाट खाली गेला. जाता जाता त्यानं एक हात वर केला. सगळ्या स्टेडियममधून अशी आरोळी उठली की कठड्यांवरचा बर्फ आपोआप खाली आला आणि तेवढं काम वाचलं. तो ढिगाऱ्यात जाऊन रुतला. खाली मैदानातली छोटी गाडी उभी होती. चार जणांनी त्याला बसल्या आकारात उचलून तिच्यात ठेवलं. लोकांना वाटलं, मिरवणूक काढतायत.

ड्युएन डोळे पुसत खाली आला. “बघितलंस? या वयात घसरगुंडी! आणि आपण रडतो गुडघ्यांच्या नावानं.”

“हो ना,” नॉर्बर्ट म्हणाला.

*

तो ब्रेड घेऊन घरी आला. आर्डिसनं ब्रेडकडे बघितलं, मग फावड्याकडे.

“सोमवारी फोन करून ढकलणार होतास ना?” ती म्हणाली. “मला कळत नाही असं वाटतं तुला.”

“नाही ढकलत. मंगळवारीच जाऊ.”

आर्डिस खुर्चीत बसली. “काय झालं? पडलास का कुठं?”

“काही नाही. एक मस्त आहे तोवर दुसरा नीट करून घ्यावा म्हटलं.”

तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी मध्यंतराला डेल राडमाकर मैदानाच्या मधोमध ताठ उभा राहिला. मोठ्या पडद्यावर त्याची घसरगुंडी पुन्हा पुन्हा दाखवली आणि लोकांनी प्रत्येक वेळी तितकंच ओरडून घेतलं. शेजारी संघाचा शुभंकर उभा होता, म्हणजे झाडं कुरतडणाऱ्या बीव्हर प्राण्याच्या कापडी सोंगातला माणूस, पुढचे दात बाहेर काढून हसणारा. सगळे डेलकडे बघत होते. नॉर्बर्ट बीव्हरकडे बघत होता. त्या बीव्हरचा एक पंजा पहिल्यापासून शेवटपर्यंत डेलच्या पाठीमागं, त्याच्या कमरपट्ट्यात घट्ट अडकवलेला होता.

“तू टाळ्या का वाजवत नाहीस?” आर्डिसनं विचारलं.

“बीव्हरसाठी वाजवतोय,” नॉर्बर्ट म्हणाला आणि वाजवू लागला.

मंगळवारी हॉस्पिटलात परिचारिकेनं त्याला कपडे बदलायला सांगितले. उजवा बूट निघाला. डावा निघेना. तो शनिवारपासून निघालाच नव्हता. नॉर्बर्ट तो घालूनच झोपत होता, आणि आर्डिसनं ही ऑपरेशनची भीती असावी असं समजून त्या पायावर वेगळी चादर टाकली होती. परिचारिका कात्री घेऊन आली.

“कात्री नाही,” नॉर्बर्ट म्हणाला.

“आजोबा, नाडी काय, नवी मिळते.”

“गाठीला हात लावायचा नाही.”

शेवटी परिचारिका, वॉर्डातला एक धिप्पाड माणूस आणि आर्डिस अशा तिघांनी मिळून बूट ओढला. नॉर्बर्ट एकदाच ओरडला. बूट गाठीसकट आला.

त्याला आत नेताना आर्डिस चाकांच्या खाटेबरोबर दारापर्यंत चालत गेली. बूट तिच्या हातातच होता.

“कुणी बांधली रे ही?”

“एका मित्रानं.”

दार बंद झालं. आर्डिस बाहेरच्या बाकावर बसली आणि नॉर्बर्टचे मित्र एकेक करून आठवू लागली. ड्युएनचे गुडघे गेलेले. हर्बर्टला चक्कर यायची. उरलेला जॅन्सेन काठीशिवाय उठत नसे. वाकता येईल असा त्यांच्यात एकही नव्हता.

तिनं बूट मांडीवर घेतला. ओढाताणीत गाठ थोडी सैल झाली होती. तिनं दोन्ही टोकं धरली आणि गाठ पुन्हा घट्ट केली.