कोणाशी

जिज्ञासाने रेकॉर्डिंगची फाइल पुन्हा मागे नेली.

"त्याला सांग, गोली घे."

भांडं आपटल्याचा आवाज. मग पुरुषाचा खोकला.

*

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये हितेशच्या दुकानात हेडफोन काचेखाली मांडलेले होते. "ये वाला नॉइज काटता है," तो म्हणाला. कोणता नॉइज, असं तिने विचारलं. हितेशने जरा विचार केला आणि मराठीत म्हणाला, "जो तुमाला नको तो."

*

मांजर्लीच्या घरात भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ. नवं कॅलेंडर त्या रेघेच्या वर टांगलेलं.

*

तक्त्याचे तीन रकाने. कोण बोललं. काय बोललं. कोणाशी.

*

मांजर मेलं त्या आठवड्यात घरातला रेडिओ कोणीच लावला नाही.

*

"तू तिथे नसताना काय होतं, ते तुला माहीतच नाही," तिचे मार्गदर्शक जयदेव सर म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले.

*

प्रबंध अबोल्यावर होता. भांडणावर नाही. एका घरात राहून, एकाच टोपातला भात वाढून घेऊन माणसं एकमेकांशी न बोलता कशी बोलतात, हे जिज्ञासाला लिहायचं होतं. म्हणून ती बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, सखू आणि चंदर या नवराबायकोच्या घरी जायची. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. थोरला मुलगा कल्पेश अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या गल्लीत राहायचा, धाकटा कमलेश बदलापूर पूर्वेला. मुलं शाळेत होती तेव्हापासून आईवडील एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण दोघांना आठवत होतं. दोघांची कारणं वेगळी होती. सखूच्या म्हणण्याप्रमाणे भाचीच्या हळदीला चंदरने तिला पुढे बोलावलं नव्हतं. चंदरच्या म्हणण्याप्रमाणे तिने त्याच्या भावाला चहा न देता दारातून परत पाठवलं होतं. कोण आधी गप्प झालं, याचं उत्तर मात्र दोघांचं सारखंच होतं. ते बोट दाखवायचे, समोर.

पहिल्या भेटीत जिज्ञासाने संमतीचं सगळं समजावून सांगितलं. तुम्ही बोलाल ते या घराबाहेर जाणार नाही, नावं बदलेन, मुलांनाही काही सांगणार नाही. सखूने मान डोलावली. मग तिने कोपऱ्यातल्या बाजेकडे न बघता म्हटलं,

"पोरी, त्याला सांग, पोरीला बसाया खुर्ची दे."

चंदर उठला, खुर्ची आणली, फडक्याने पुसली.

"तिला सांग, खुर्चीचा पाय ढिला हाय, मना म्हाईत हाय."

जिज्ञासाला काहीच सांगावं लागलं नाही. दोघांना सगळं ऐकू येत होतं. ती मधे बसली होती एवढंच, आणि बोलणं तिच्या डोक्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होतं.

मुलं लहान असताना हे काम मुलांकडे होतं. कल्पेश मोठा झाल्यावर एकदा ओरडला होता, मी काय पोस्टमन आहे का. त्यानंतर दोघांनी मुलांकडून काही सांगणं बंद केलं. मग मांजर होतं, त्याला सांगायचे. मांजर गेल्यावर कोणी नव्हतं. चंदर हे सगळं जिज्ञासाला गंमत म्हणून सांगायचा.

"पयली मांजर व्हती. ती मेली. मंग तू आयलीस."

"तिला मांजर बोलतंय," सखू चुलीकडून म्हणाली. गॅस असला तरी ती त्या कोपऱ्याला चूल म्हणायची. "त्याला सांग, मांजर दूध तरी पियाची. ही पोर बिनसाखरेचा चाय पिते."

जिज्ञासा हसली आणि लगेच वहीकडे वळली. हसावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. रेकॉर्डरमध्ये तिचं हसू ऐकू आलं असतं. तक्त्यात ते कुठे लिहायचं?

*

कोण: सखू. काय: त्याला सांग, पायपुसन्यावर पाय ठेव. कोणाशी: जिज्ञासा?

प्रश्नचिन्ह तिने खोडलं. परत टाकलं.

*

खालच्या मजल्यावर जीन्स शिवायच्या मशिनी चालत. जिज्ञासाच्या उल्हासनगरच्या खोलीची फरशी दिवसभर थरथरायची. ती उभी राहून टाइप करायची, मग बसून, मग पलंगाच्या काठावर. हेडफोन लावले की मशिनी जायच्या, पण त्यांच्याबरोबर सखूचे श्वासही जायचे. तिने हेडफोन काढले.

जयदेव सरांनी तिची पहिली पानं वाचली होती. तू खोलीत असतेस म्हणूनच ते बोलतात, असं ते म्हणाले. मग तुझा अभ्यास त्यांच्या अबोल्याचा आहे, की तुझा? ते एकमेकांशी बोलतात हे वाक्य इथे तीनदा आलंय. तुझ्याकडे पुरावा कुठे आहे? प्रत्येक वाक्य तुला उद्देशून आहे. शब्द जपून वापर.

म्हणून तिने रेकॉर्डर मांजर्लीच्या घरातच ठेवायचं ठरवलं. दोघांना विचारलं. चंदरने यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं, लाल दिव्याकडे पाहिलं आणि कॅलेंडरच्या खाली, फळीवर, देवाच्या शेजारी ठेवलं. रोज सकाळी तो ते चालू करायचा. दर थोड्या दिवसांनी जिज्ञासा यायची, त्यातलं मेमरी कार्ड बदलून घेऊन जायची.

पहिलं कार्ड तिने आपल्या इमारतीच्या जिन्यातच ऐकायला घेतलं.

बराच वेळ पंखा. पावलं. नळ. मग सखूचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा, फळीच्या दिशेने:

"जिज्ञासा, त्याला सांग, गोली घे."

आणि बाजेवरून:

"जिज्ञासा, तिला सांग, घेतली."

जिज्ञासा जिन्यात उभी राहिली. वरून कोणीतरी ओली जीन्स झटकली, थेंब तिच्या मानेवर पडले.

दुसऱ्या कार्डातही तेच. डोळ्यात थेंब घालताना, डास मारताना, टीव्हीवर कोण जिंकलं ते सांगताना. ती तिथे नव्हती आणि दिवसभर तिचं नाव घेतलं जात होतं. एकदा चंदर झोपेत काहीतरी बरळला. सखू म्हणाली, "जिज्ञासा, ऱ्हाव दे, उठवू नको त्याला," आणि मग खूप वेळ फक्त पंखा.

सर खूश झाले. हे विलक्षण आहे, ते म्हणाले, पण अजूनही लक्षात ठेव, कोणाशी या रकान्यात त्यातल्या एकाचंही नाव नाही. तिने मान हलवली. परत येताना तिला वाटलं, सरांचं चुकतंय. मग वाटलं, नाही, बरोबर आहे. रिक्षात तिने पेनाचं टोपण इतक्या वेळा उघडलं-मिटलं की शेजारच्या बाईने तिच्याकडे पाहिलं.

*

पुन्हा पुराचं पाणी येईल, या वेळी आम्ही थांबणार नाही, असं मुलांनी ठरवलं होतं. मांजर्लीचं घर सोडायचं. पण दोघांना एकत्र ठेवायला कोणाच्याच घरात जागा नव्हती. कल्पेशचं म्हणणं सोपं होतं: आई माझ्याकडे, बाबा कमलेशकडे. कमलेशला ते बरं वाटत नव्हतं. दोघांना एकत्रच राहायचं असेल तर इथेच मांजर्लीत वरच्या मजल्यावरची एखादी खोली भाड्याने बघू, पाणी तिथवर येत नाही, असं तो म्हणत होता.

त्यांनी आईवडिलांना वेगवेगळं विचारलं. सखू म्हणाली, त्याचं तो बघल. चंदर म्हणाला, तिचं ती बघल.

रविवारी सकाळी जिज्ञासा कार्ड बदलायला आली. तिने जुनं कार्ड काढून पिशवीत टाकलं तेवढ्यात दोघे मुलगे दारात चपला काढत होते. ती निघू लागली.

"बसा ना मॅडम," कमलेश म्हणाला. "तुम्ही पण घरातल्याच."

सखू गॅसपाशी उभी होती. चंदर बाजेवर, हात गुडघ्यांवर. खुर्ची मधे होती, ढिल्या पायाची. जिज्ञासा तिथेच बसली.

कल्पेशने सगळं परत मांडलं. रस्ता, दवाखाना, पाणी. आईला तिकडे देवळाला जाता येईल. बाबांना कमलेशकडे लिफ्ट आहे. मग तो थोडा हसला. "तसंही, ह्यांना एकत्र राहून काय फरक पडतो? भिंतीशी संसार केलाय दोघांनी."

कमलेश जिज्ञासाकडे वळला.

"मॅडम, तुमचा अभ्यास आहे यातला. आमच्यासमोर कधी बोलले नाहीत. पण तुम्ही एवढे दिवस येताय, तुमच्याकडे मशीन पण आहे. खरं सांगा. बोलतात का हे एकमेकांशी?"

पंख्याचा आवाज येत होता. सखूने गॅस बारीक केला. चंदरने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं. सखूनेही पाहिलं. दोघांनी एकाच वेळी पाहिलं.

या घराबाहेर जाणार नाही, असं तिने कबूल केलं होतं. मुलांनाही नाही. शब्द जपून वापर. तिच्या हातात पेनाचं टोपण होतं. तीन रकाने डोळ्यांसमोर आले, आणि तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव, तिचं.

"थेट एकमेकांशी असं..." ती म्हणाली, "नाही."

"नाही ना," कल्पेश म्हणाला. "झालं मग."

कमलेशने खाली पाहिलं. तो आणखी काही विचारेल, असं जिज्ञासाला वाटलं. तिने तोंड उघडलंही. त्याने फक्त मोबाइल खिशात टाकला आणि आईला विचारलं, कधी निघायचं.

सखूने चहा गाळला. सगळ्यांचे कप भरले. एक कप घेऊन ती खुर्चीपाशी आली.

"मॅडम, तुम्हाला साखर चालेल?"

जिज्ञासाने कप घेतला. त्यात साखर होती.

*

कोण: जिज्ञासा. काय: नाही. कोणाशी:

*

अंबरनाथला कल्पेशच्या गॅलरीतून बेलफुलं विकणारे दिसत. सखू तिथे पाट टाकून बसलेली. जिज्ञासाने रेकॉर्डर काढून कठड्यावर ठेवला, लाल दिवा लागला. सखूने त्याच्याकडे पाहिलं नाही. देवळात गर्दी वाढलीय, सून चांगली आहे, पाणी रोज येतं, असं ती म्हणत राहिली. शब्द नीट, एकेक, पुस्तकातल्यासारखे. "ण" चा "न" एकदाही झाला नाही.

"मी उद्या बदलापूरला जाणार आहे, काकांकडे," जिज्ञासा म्हणाली. "त्यांना काही सांगायचंय का? मी सांगते."

सखू पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तुम्ही कशाला त्रास घेता, मॅडम."

दुसऱ्या दिवशी चंदर कमलेशच्या हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला बसला होता. यंत्र पाहून त्याने विचारलं, चालू हाय कं? ती हो म्हणाली. तो फळी शोधत असल्यासारखा भिंतींवरून नजर फिरवत राहिला. मग यंत्र तिच्या हातात परत दिलं. त्या फाइलमध्ये लिफ्टचं दार उघडतं, मिटतं, उघडतं. माणसाचा आवाज नाही.

"शांतता रिकामी सोडू नकोस," सर म्हणाले. "तीही सामग्री आहे. लिही."

जिज्ञासा लिहायला बसली. उठली. खाली मशिनी चालू होत्या. तिने एक ओळ लिहिली, पुसली. पिशवी उलटी केली. पेनं, तिकिटं, हेडफोन, आणि त्या रविवारी काढलेलं, कप्प्यात राहून गेलेलं कार्ड पलंगावर पडलं.

*

शनिवारी संध्याकाळी, मुलं येण्याच्या आदल्या दिवशी, मांजर्लीच्या घरात सखू फळीकडे तोंड करून म्हणाली होती, "जिज्ञासा, त्याला सांग, मना खोली पायजे, वरची, दोघांची. पोरं आपल्याला परत नाय इचारनार, तुलाच इचारतील." आणि बाजेवरून चंदर म्हणाला होता, "तिला सांग, इचारू दे. पोरगी हाय ना, ती सांगल."