मांडवीपल्याडचा दवाखाना

उचगावच्या धोंडुबाईला हळू बोलता येत नसे. तिच्या कानात कुणी काही सांगितलं, तरी तिचं उत्तर चार घरांना ऐकू जायचं. तिचा नवरा केरबा याच्या अगदी उलट. माणसांशी तो गरजेपुरतं बोलायचा. गोठ्यात बैलांजवळ बसला, की मात्र त्याला कंठ फुटायचा.

पहिल्या निवडणुकीच्या साली ऊस चांगला साधला. गुऱ्हाळ आटोपलं आणि केरबाचा भाचा आकाराम दारात येऊन म्हणाला, "मामा, तुमचा गूळ मीच न्हेतोय म्हापशाला. तुमी दोघंबी चला की. लॉरीत फुडं जागा हाय."

आकाराम कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. अंगानं दांडगा, तालमीतला. केरबानं बायकोकडं बघितलं. धोंडुबाई आजवर नरसोबाच्या वाडीपलीकडं गेलेली नव्हती.

"परमुलूख हाय त्यो," आकारामची आई बयाबाई आतून म्हणाली. ती विधवा होती आणि भावाकडंच राहायची. "आपल्याकडचं गोरं गेलं, पर तितलं अजून हाईत. काय कमीजास्त झालं, तर कोण हाय आपलं तितं?"

"काय हुतंय?" धोंडुबाई म्हणाली. "गूळ उतरायचा, बाजार बघायचा, म्हागारी यायचं."

आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडी, बांदा मागं टाकून लॉरी नाक्यावर आली. पोर्तुगीज शिपायानं परवाने बघितले, थोड्या दिवसांची मुदत घातली आणि रस्त्यावर आडवं लावलेलं दांडकं वर केलं. दुपारी लॉरी म्हापशाच्या बाजारात लागली.

तिथंच घात झाला. हमाल यायच्या आधी केरबा मागचा फाळका सोडायला गेला. घाटातल्या वळणांनी ढेपा सगळ्या मागं सरकून फाळक्यावर रेलल्या होत्या. त्यानं एका बाजूची साखळी काढली आणि दुसरी आपसूक तुटली. फाळका आणि त्याच्यामागून गुळाच्या ढेपा त्याच्या अंगावर आल्या. तो मागं उडी मारायला गेला. धड वाचलं, उजवा पाय सापडला.

धोंडुबाईनं बघितलं तेव्हा गुडघ्याखालचं हाड कातडं फाडून बाहेर आलेलं होतं. ती किंचाळली नाही. लुगड्याचा पदर फाडून तिनं वरून करकचून बांधला आणि आकारामला म्हणाली, "दवाखाना कुटं हाय इचार. पळ."

मोठा दवाखाना पणजीला, नदीपलीकडं. अर्धा माल तसाच लॉरीत ठेवून ते बेतीच्या धक्क्यावर आले. समोर मांडवीचं पात्र, पंचगंगा महापुरात असते तेवढं. एका नावाड्यानं काही न विचारता केरबाला होडीत आडवं घेतलं. पावलू त्याचं नाव. सारा वेळ तो वल्हं मारता मारता एकच म्हणत राहिला, "भियेंव नाका बाये, भियेंव नाका." शब्द कळला नाही, तरी तो धीर देतोय एवढं धोंडुबाईला समजलं.

दवाखाना उंच छताचा, पांढराशुभ्र, आणि इतका शांत की तिला आपल्याच कासोट्याची सळसळ ऐकू यायला लागली. भिंतीवर क्रूस. पांढऱ्या झग्यातल्या जोगिणी पावलं न वाजवता चालायच्या. त्यांनी केरबाला चाकाच्या खाटेवरून आत नेलं आणि दार लावलं. धोंडुबाईनं ते दार ढकललं. एका जोगिणीनं तिला हातानंच बाहेर थांबायला सांगितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गप कशी बसू?" धोंडुबाई म्हणाली, आणि अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. "माझा नवरा हाय आत!"

तेव्हा एक सावळी, ठेंगणी नर्स पुढं आली. तिचं नाव फिलोमेना. ती कोकणी बोलायची, डॉक्टरशी पोर्तुगीज बोलायची, आणि शेजारच्या हिंदू घरांमुळं तिला मराठीही थोडं समजायचं. पुढचे सगळे दिवस धोंडुबाईचे कान आणि तोंड म्हणजे फिलोमेनाच.

डॉक्टर लिस्बनकडचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. त्यानं जखम धुतली, पाय फळीला बांधला. पण दुसऱ्या दिवशी केरबाला सणकून ताप भरला, पाय सुजून काळानिळा पडला आणि तो बरळायला लागला. बरळण्यातसुद्धा बैलांचीच नावं. डॉक्टरनं पाय बघितला, बोटं दाबून बघितली आणि फिलोमेनाशी दोन वाक्यं बोलला.

ती धोंडुबाईकडं वळली. "बाये, पांय कापचो पडटलो."

हे मात्र कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"न्हाय," धोंडुबाई म्हणाली.

डॉक्टर शांतपणे बोलत राहिला. पाय ठेवला तर जीव जाईल. कापला तर माणूस घरी जाईल. त्यानं अशा पुष्कळ बायका पाहिल्या असाव्यात. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. जोगिणीनं अंगठ्यासाठी कागद आणि शाईची डबी आणली.

धोंडुबाईनं दोन्ही मुठी काखेत घातल्या. "त्येला इचार, दुसरी वाट हायच न्हाय का? अजाबात न्हाय?"

फिलोमेनानं विचारलं. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ बोलला. फिलोमेना एकेक शब्द शोधून सांगू लागली. वाट आहे, पण अवघड. पाय उघडायचा, सडलेलं सगळं काढायचं, हाड जुळवून बांधायचं. वेळ फार लागणार. ह्याच्या अंगात एवढं सोसायची ताकद उरलेली नाही.

"रगत जाय," ती शेवटी म्हणाली.

"रगात जातंय?" धोंडुबाई ओरडली. "मग थांबवा की! बघत काय बसलाय?"

फिलोमेना गोंधळली, मग तिच्या ध्यानात आलं. तिच्या भाषेत 'जाय' म्हणजे 'हवं'. तिनं स्वतःच्या दंडाला बोट लावलं, मग केरबाच्या दंडाला. माणसाचं रक्त काढून माणसाला द्यायचं, असं काहीतरी. धोंडुबाईनं असलं कधी ऐकलेलं नव्हतं. पण हात आधीच पुढं गेला होता.

"काढा. लागंल तेवढं काढा."

डॉक्टरनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. माणसं दागिना देत, जमीन विकत. रक्ताचं नाव काढलं, की घरची सुद्धा पळून जात. ह्या बाईनं चोळीची बाही दंडावर सारून हात टेबलावर ठेवला होता.

बोट टोचून त्यांनी थेंब तपासायला नेला. फिलोमेना परत आली ती मान हलवतच. जुळत नाही.

धोंडुबाईला पाय कापतो म्हणाले तेव्हा रडू आलं नव्हतं, ते आता आलं. "येवढा संसार केला की गं! एका ताटात जेवलो. आन् रगात तेवढं जुळत न्हाय?"

मग तिनं डोळे पुसले आणि सरळ बाहेर गेली. आकाराम पायरीवर डोकं धरून बसला होता.

"ऊठ. तुझं रगात दे मामाला."

आकाराम पांढराफटक पडला. "मामी, रगात दिलं की माणूस वाळतो म्हणत्यात."

"वाळलास तर बरंच हाय. लॉरीला वझं कमी. चल!"

पण फिलोमेनानं सांगितलं होतं, एकाचं पुरणार नाही. दवाखान्याच्या आवारात मोठं वडाचं झाड होतं. आजाऱ्यांचे नातेवाईक तिथं चुली मांडून बसत. कोळणी, शेतकरी, क्रूसवाले, टिळेवाले, सगळे एकाच सावलीत. धोंडुबाई पायरीवर उभी राहिली आणि उचगावच्या शिवारात हाक मारावी तशी तिनं हाक घातली.

"ऐका गा समद्यांनी! माझा नवरा आत हाय. त्येचा पाय कापायला निघाल्यात. रगात मिळालं तर पाय ऱ्हातोय. माझं जुळंना. मी परमुलखातली, मला हितं कोण बी न्हाय. कुणाच्या मनात यील त्येनं उठावं. न्हाय उठला तरी माझं काय म्हननं न्हाय. पर मी इचारल्याबिगार जाणार न्हाय!"

भाषा कळली ती निम्म्यांना. फिलोमेना मागून धावत आली होती. तिनं तेच कोकणीत सांगितलं. जोगिणी खिडक्यांतून डोकावल्या. ह्या दवाखान्यात एवढ्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नव्हतं.

कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्यानं खाली बघितलं, एका बाईनं पोराला जवळ ओढलं. आणि मग फाटकाजवळून एक माणूस पुढं आला. गुडघ्यापर्यंत ओली विजार. कालचा पेशंट जगला का, हे विचारायला आलेला पावलू नावाडी.

"म्हजें घेयात," तो म्हणाला.

त्याचं जुळलं. आकारामचंही जुळलं. पावलूनं गाणं गुणगुणत रक्त दिलं. आकारामनं सुई बघितली आणि तो तालमीतला गडी खाटेवर आडवा झाला. शुद्धीवर आला तोवर काम होऊन गेलं होतं. "काढायचं हाय का अजून?" असं त्यानं विचारलं, तेव्हा जोगिणीसुद्धा तोंडाला हात लावून हसल्या.

आत गेलेली खाट संध्याकाळ झाली तरी बाहेर येईना. धोंडुबाई दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. अंबाबाईचं, नरसोबाचं नाव घेऊन झालं, मग समोरच्या भिंतीवरच्या क्रूसाला ती म्हणाली, "तुलाबी सांगून ठेवतो. तू हितला हाईस."

दिवे लागले तेव्हा दार उघडलं. डॉक्टरचा अंगरखा घामानं चिंब झाला होता. फिलोमेना जवळ नव्हती. तो धोंडुबाईसमोर वाकला, आपला डावा तळवा पुढं धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यावरून चालवत नेली. एक, मग दुसरं. तळव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

धोंडुबाईनं त्याचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. तो काहीतरी पुटपुटला.

धोका एका दिवसात टळला नाही. पेनिसिलीनची इंजेक्शनं चालली होती. ताप उतरे, पुन्हा चढे. आकारामला लॉरी घेऊन परत जावं लागलं. धोंडुबाई झाडाखाली तीन दगडांवर भाकरी थापायला लागली. शेजारची कोळीण तिला आंबट तिखट कालवण द्यायची, ही तिला भाकरी आणि गूळ. कालवणात नारळ किती म्हणून ही नाक मुरडायची, भाकरी किती जाड म्हणून ती हसायची, आणि दोघीही पुसून खायच्या.

परवान्याची मुदत संपली तेव्हा शिपाई आला. त्यानं कागद दाखवला, रस्त्याकडं बोट केलं.

"काय म्हणतोय?" धोंडुबाईनं विचारलं.

"तुका वचपाक जाय," फिलोमेना चाचरत म्हणाली. "परत."

"त्येला सांग, पावणं, जायचंच हाय आमास्नी. हितं काय वतन हाय आमचं? पर आलो दोघं, तर जाणार दोघं. दोघांच्या मिळून चार पायांनी."

फिलोमेनानं हे सांगितलं आणि स्वतःच हसली. शिपाई हसला नाही. पण तेवढ्यात थोरली जोगीण, आजवर जिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं होतं ती, पायऱ्या उतरून आली. ती शिपायाशी पोर्तुगीजमध्ये जे काही बोलली, ते वडापर्यंत ऐकू गेलं. डॉक्टरनं चिठ्ठी दिली आणि मुदत वाढली.

केरबा प्लॅस्टरमधून निघाला तेव्हा उन्हाळा भरात होता. पाय काडीसारखा बारीक झाला होता, पण गरम होता आणि बोटं हलत होती. पहिल्या दिवशी तो खाटेच्या कडेला धरून नुसता उभा राहिला. पुढं व्हरांड्यात फेऱ्या सुरू झाल्या. एका बाजूला धोंडुबाई, दुसऱ्या बाजूला फिलोमेना. "चल, चल!" धोंडुबाईचा आवाज दुमदुमायचा आणि खाटांवरचे इतर आजारी टाळ्या वाजवायचे.

निघताना केरबा डॉक्टरसमोर उभा राहिला. कधी नव्हे ते तो आपणहून बोलला. "तुमी पाय दिलासा. औत धरीन तवा तुमची आठवण काढीन." फिलोमेनानं सांगितलं, आणि डॉक्टरनं केरबाच्या खांद्यावर ठेवलेला हात बराच वेळ तसाच राहू दिला. पावलूनं त्यांना नदीपार नेलं, आणि काठावर उतरताना धोंडुबाई त्याच्या भाषेत म्हणाली, "देव बरें करूं." शब्द चुकला नव्हता.

बेतीच्या धक्क्यावर आकाराम लॉरी घेऊन उभा होता.

उचगावात तोवर भलतीच बातमी पोचली होती. आकारामनं पहिल्यांदा परत येऊन "पाय कापणार हुते" एवढं सांगितलं होतं; गावानं त्यातला 'हुते' गाळून टाकला. लॉरी वेशीत शिरली तेव्हा निम्मं गाव गोळा झालं होतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. कुणीतरी केरबाला उचलून न्यायला बाज आणून ठेवली होती. बयाबाई मधोमध बसून भावासाठी सूर लावत होती.

धोंडुबाई आधी उतरली. तिनं बाज बघितली, रडणाऱ्या बायका बघितल्या, आणि काहीच बोलली नाही. हे इतकं नवल होतं की सगळं गाव चिडीचूप झालं.

मग लॉरीच्या पायरीवर एक पाय आला. डावा. त्याच्या मागून उजवा आला, जपून, चाचपत. हातात काठी होती, पण केरबा तिच्यावर रेलला नव्हता. तो धुळीत उतरला आणि दोन पावलं चालला.

बयाबाईचा सूर अर्ध्यात तुटला. ती धडपडत पुढं आली, भावाच्या पायांशी बसली आणि धोतर वर सारून आंधळ्यानं चाचपावं तसे तिनं दोन्ही पाय चाचपले. "दोनीबी हायत की गं!" ती ओरडली. "दोनीबी!"

कुणीतरी हसलं. मग हशा वेशीतून मागं मागं गेला, पोरं नाचायला लागली, मारुतीच्या देवळाकडून हलगी कडाडली. एका शेजाऱ्यानं बाज पुढं सरकवली. "बस, केरबा. दमला आसशील."

केरबा बसायला वाकला, तोच धोंडुबाईनं त्याच्या दंडाला धरलं.

"आत्ताच बसू नगासा," ती म्हणाली. "ऱ्हावा जरा हुबं. बघू दे समद्यास्नी."

आणि केरबा उभा राहिला.