रुमाल किती किलोमीटर धावला?

डोंगरकडा गावच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी एकवीस किलोमीटर धावलेली पोरं-पोरी सतरंजीवर ओळीनं पालथी पडली होती. मालिशवाले देविदास महाराज एकेकाच्या पोटरीला हळदीचा लेप लावत, शेजारच्या तपेलीतल्या ‘तीर्थात’ हात बुडवत आणि रगडू लागत. पिवळी पोटरी बघता बघता लालभडक होई.

“पाहा! धावण्याचं विष उतरून राहिलं!” महाराज ओरडत. “सलाईनवाल्या डाक्टरला दिसतं का हे?”

लोक हात जोडत. मी जोडले नाहीत.

मागच्या वर्षी याच सतरंजीवर माझे वडील होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी शर्यत पूर्ण केली म्हणून खुशीत होते. तासभर कण्हत त्यांनी पाय रगडून घेतले. दुसऱ्या सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. “विष निघून राहिलं. पाणी पाजू नका, परत आत जाईल,” महाराज म्हणाले. घरात पुस्तकांची दोन कपाटं असलेल्या मीही तांब्या बाजूला ठेवला. पाचव्या दिवशी आबा गेले.

महिन्यानं त्यांचा टॉवेल धुवायला घेतला. हळदीच्या डागावर साबण फिरवला, तर डाग लाल झाला.

आज ओळीत शेवटी पुनम होती. पोलीस भरतीसाठी पळणारी. तिची आई चतुराबाई माझ्या कानाशी लागली, “पल्लवी, काल महाराजानं रगडलं अन् सकाळी हिला पार काळी लघवी झाली बघ. गुण आला.”

“पाणी दिलं?”

“न्हाई माय. महाराजानं मना केलं.”

मी पुढं झाले. पांढरा रुमाल लेपात बुडवला, मग तपेलीत. लाल झाला.

“महाराज, माझा रुमाल किती किलोमीटर धावला?”

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी तपेली मागं ओढली. “पोरगी अर्ध्यात उठवली तर विष काळजात चढंल! मंग माझ्याकडं येऊ नका!”

हसू विझलं. चतुराबाई जागच्या जागी थिजली. मी ओला रुमाल तिच्या हातात दिला. तिनं तो चोळला, वास घेतला.

“हा तर चुना हाय,” ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. “अरे, हळदीला चुना लावून आमी कुंकू करतो! हळद पिकवणाऱ्या गावाला हळदीनंच फसवलं व्हय रे?”

“काकू, भांडण मागून. आधी गाडी बोलवा.”

पुनमला उभं राहता येईना. “ताई, भरतीला पळता येईल ना?” ती विचारत होती.

कळमनुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, अति धावण्यानं स्नायू तुटले होते, रगडण्यानं आणखी तुटले. त्यांतला रंग लघवीत उतरला होता, आणि तोच मूत्रपिंडात अडकत होता. पाणी बंद केल्यानं धोका वाढला. “आज आणलीत म्हणून,” एवढंच ते म्हणाले. नवव्या दिवशी पुनम घरी आली.

हलक्या हाताच्या मालिशनं दुखऱ्या पायांना बरं वाटतं. तेवढंच. ते विष काढत नाही, कारण तिथं विष नसतंच. धावल्यावर लघवी काळी झाली तर थेट दवाखाना गाठा. आणि कुणी रंग बदलून दाखवला, तर तो कशानं बदलला हे तिथंच विचारा. मी विचारलं, पण ते आबा गेल्यावर, टॉवेल धुताना.