गाळलेल्या नऊ ओळी

मोरेत्ती मॅडमनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक त्यांच्या हस्ताक्षरातला, दुसरा बदरुद्दीनने टाईप केलेला. पहिल्या कागदावरच्या नऊ ओळींवरून त्यांनी पेन्सिलीचं टोक सावकाश फिरवलं. दुसऱ्या कागदावर त्या ओळी नव्हत्या.

"या कुठे गेल्या?"

बदरुद्दीन आखातात, देरा नावाच्या बाजारपेठेतल्या एका पेढीवर आठवडाभर पत्रं टाईप करायचा. चौसष्ट सालच्या जानेवारीपासून शुक्रवारची नमाज झाली की तो अब्र्यात, म्हणजे तिथल्या लहान होडीत, बसून खाडी ओलांडायचा आणि मॅडमचं पुस्तक टाईप करायला यायचा. पुस्तक म्हणजे तारांती नावाच्या इटालियन संगीतकाराचं चरित्र. तो ऑपेरा रचायचा. ऑपेरा म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक. शंभर वर्षं या माणसाचा उदोउदो चालला होता. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. त्याची गाजलेली गाणी त्याच्या बायकोने रचली होती. तिने तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्याने तिला वेडी ठरवून इस्पितळात कोंडलं आणि ती तिथेच मेली. गाळलेल्या ओळी नेमक्या याच होत्या.

बदरुद्दीन टाईपरायटरचं झाकण चाचपत राहिला. स्वल्पविरामसुद्धा न चुकणारा माणूस, त्याने अख्खा मजकूर गिळला होता, आणि तोही जाणूनबुजून.

"मॅडम, आमच्यात गेलेल्या माणसाचं वाईट बोलत नाहीत. गुनाह आहे. त्याचं काय ते अल्ला बघेल."

"त्याची बायकोही गेलेलीच आहे, बदरुद्दीन."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्यांनी हे साध्या आवाजात म्हटलं आणि पंख्याने उडालेले कागद गोळा करायला लागल्या.

त्याने नवा कागद चढवला. चौथ्या ओळीवर त्याची बोटं थांबली.

मागच्या वर्षी तो सुट्टीवर रत्नागिरीकडे घरी गेलेला असतानाच अब्बा वारले. अब्बा जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, मशिदीच्या प्रत्येक कामात ते पुढे असत. घरात मात्र त्यांचा हात उठायचा, आणि तो अम्मावर. बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. जनाज्याच्या नमाजेआधी थोरल्या मुलाने उभं राहायची रीत, तसा बदरुद्दीन उभा राहिला होता. अब्बांनी कुणाला दुखवलं असेल तर माफ करा, असं त्याने हात जोडून म्हटलं होतं.

"माफ केलं," सगळ्या रांगा एका आवाजात म्हणाल्या होत्या. केवढं हलकं वाटलं होतं त्याला! आज त्या हलकेपणाची त्याला लाज वाटली. रांगांमध्ये सगळे पुरुष होते. जिला विचारायला हवं होतं, ती घरात बायकांत बसून होती.

त्याने नऊच्या नऊ ओळी टाईप केल्या, कागद मॅडमच्या हाती दिला आणि खोलीवर येऊन गावी पत्र लिहायला घेतलं. अम्माला वाचता येत नव्हतं. धाकटी बहीण साजिदा तिला पत्रं वाचून दाखवायची, म्हणजे जे लिहायचं ते तिच्यासमोरही उघडं होणार होतं. दोन कागद खुशालीतच फुकट गेले. तिसऱ्यावर त्याने एकदम लिहून टाकलं.

"अम्मा, अब्बा तुला मारायचे. मी पाहिलंय. जनाज्यात मी सगळ्यांकडे त्यांच्यासाठी माफी मागितली, तुला विचारलंच नाही. आता विचारतो. तू माफ केलंस का?"

उत्तर यायला दीड महिना लागला. त्याने पाकीट उघडलं. अक्षर साजिदाचं होतं.

"भाईजान, पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी अम्मा म्हणाली, परत वाच. आठ दिवस रोज वाचून घेतलं. आज दुपारी म्हणाली, लिही त्याला, अजून नाही. एवढं बोलून उठली, आपलं ताट वाढून घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या आधी जेवायला बसली."