लाल ट्रॅक्टरच्या मागची गल्ली

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही एका दगडी पुलावर उभे आहात. खाली ओढा खळखळतोय, समोर गाव आहे आणि तुम्हाला कुणाच्या तरी घरी जायचंय. समोरून येणाऱ्या माणसाला तुम्ही रस्ता विचारता. इंग्लंडमधल्या आमच्या थॉर्नबेकमध्ये तो तुम्हाला गल्लीचं नाव सांगणार नाही, घराचा नंबर तर नाहीच नाही. तो म्हणेल, "जा की सरळ, चर्चच्या कडेनं, चढावरून, दोन फाटकांच्या मधून, जुन्या पोस्टाच्या समोर."

इंग्रजांची बोलायची तऱ्हाच अशी. टोपी कुठाय विचारा, "खुंटीवर, दारामागे, तुझ्या कोटाखाली." साखर? "फळीवर, चहाच्या डब्यामागे." एका जागेच्या शेजारी दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. ही माळ ज्याला नीट ओवता येते, त्याच्या घरी पाहुणा वेळेवर पोचतो.

आता हेही ऐका: ते जुनं पोस्ट बंद होऊन बारा वर्षं झाली. तिथं आता एक बाई लोकर विकते. तरी गावाच्या तोंडी ते पोस्टच.

नऊ वर्षांच्या हेटी मेटकाफला गावातली अशी प्रत्येक जागा पाठ होती, असलेली आणि नसलेलीही. म्हणून मागच्या जूनमध्ये बुजगावण्यांच्या शनिवारी वाटेचा कागद तिनेच लिहिला होता. त्या दिवशी घराघरापुढे पेंढ्याचं एकेक बुजगावणं उभं असतं. बाहेरगावची माणसं हातात कागद घेऊन ती शोधत हिंडतात. तो कागद शाळेतलं एक मूल लिहितं आणि खाली त्याचं नाव छापतात. हेटीने तो कागद पलंगाच्या वर भिंतीला चिकटवून ठेवला होता. पाहुणे चार ठिकाणी वाट चुकले होते, पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा सटक्लिफ बाईंनी वर्गात परीक्षा घेतली. बटणांचा एक डबा लपवला आणि म्हणाल्या, "एकाच वाक्यात लिहा. आपला पाच वर्षांचा टॉबी ते ऐकून डबा शोधेल."

हेटीने लिहिलं, "डबा आहे कपाटाखाली, जुन्या पियानोच्या जागेशेजारी." टॉबी वर्गभर फिरला. पियानो तो जन्माला यायच्या आधीच विकला गेला होता.

मग कॉनीचं वाक्य वाचलं. कॉनी लीड्सहून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. "डबा आहे कपाटाखाली, पिवळ्या बुटांच्या मागे, खिडकीच्या बाजूला." टॉबी सरळ गेला आणि डबा खुळखुळवत परत आला.

"यंदाचा कागद कॉनी लिहील," बाई म्हणाल्या.

हेटीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेचना. त्या दिवसापासून कॉनीचं सगळंच तिच्या डोळ्यांत सलू लागलं. तिचं सुबक अक्षर, तिची हिरवी पेन्सिल, बाई तिच्या वहीवर वाकून हसतात ते हसणं. कॉनी रोज दुपारी वही घेऊन गावभर फिरायची, आणि जी माणसं वर्षभर हेटीला हाक मारायची ती आता कॉनीला हाक मारायची.

"काय गं हेटी," लोकरवाली म्हणाली, "यंदा तुला सुट्टी वाटतं?"

"मीच नको म्हटलं," हेटी म्हणाली. हे खोटं होतं, आणि लोकरवालीलाही ते कळलं.

बुधवारी हेटीचे काका आल्फ स्वयंपाकघरात चहा पीत होते. तीन आठवडे पाऊस लागून राहिला होता आणि त्यांचा लाल ट्रॅक्टर चढाच्या वळणावर तसाच उभा होता. चाकांमधून खाजकुयली वर आली होती.

"शुक्रवारपासून कोरडं आहे म्हणतात," काका म्हणाले. "शुक्रवारी ट्रॅक्टर काढतो. गवत काय माझ्यासाठी थांबणारे?"

"शनिवारी बुजगावणी आहेत, काका."

"बुजगावणी काय गवत कापून देतात का, पोरी?"

गुरुवारी मधल्या सुट्टीत कॉनी कागद घेऊन हेटीच्या बाकाशी आली. तिचे कान लाल झाले होते.

"हेटी, एकदा वाचून बघतेस? तुला गाव माहीत आहे. मी सारखी घाबरतेय."

हेटीने वाचलं. कागद चांगला होता, म्हणजे फारच चांगला होता, आणि म्हणून तिला तो फाडावासा वाटला. मग ती सातव्या ओळीशी आली. "सातवं बुजगावणं आहे गल्लीच्या टोकाला, लाल ट्रॅक्टरच्या मागे, चढाच्या वळणावर." सातवं बुजगावणं कॉनीच्याच घरचं होतं. तिथं गल्लीचं तोंड दोन भिंतींमध्ये झुडपांनी झाकलेलं आहे. ट्रॅक्टर नसेल तर परक्या माणसाला ते दिसत नाही. तो सरळ चढत राहतो आणि उघड्या माळावर पोचतो.

एक वाक्य पुरलं असतं. हेटीने कागद परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली.

"खरंच?"

"छान आहे म्हटलं ना."

शनिवारी लख्ख ऊन पडलं. हेटी सकाळपासून पुलाच्या कठड्यावर बसून होती. माणसं कागद वाचत चढावर जायची आणि घामाघूम होऊन माळावरून परत यायची. "सातवं काही सापडलं नाही बुवा," कुणीतरी म्हणालं. "ज्या पोरीने लिहिलंय, तिला दिशा कळत नाहीत." पुलावरून चाललेली लोकरवाली म्हणाली, "नवीन आहे बिचारी. मागच्या वर्षी आमच्या हेटीने लिहिला होता."

हेच ऐकायची हेटी दहा दिवस वाट बघत होती. ऐकलं, आणि गोड लागलं. पण घोटभरच. मग तिला बघावंसं वाटलं की कॉनी काय करतेय. ती शेताच्या मागच्या वाटेने गेली.

कॉनीच्या घराच्या फाटकाशी बुजगावणं उभं होतं, पोस्टमनच्या वेषातलं, खांद्याला पिशवी. शेजारी टेबलावर कॉनीच्या आईने भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, फडक्याखाली झाकून ठेवले होते. एकही उचललेला नव्हता. कॉनी टेबलामागे ताठ उभी होती, दुकानात उभं राहावं तशी. हेटीला बघून तिचा चेहरा उजळला.

"तू पहिलीच आलीस! कुणीच आलं नाही गं. माझं काही चुकलंय का? तू वाचला होतास ना, मग चुकलेलं नसणार."

आत, खिडकीमागे, कॉनीची आई उगाच भांडी विसळत होती.

हेटीच्या पोटातलं दुखणं गेलं नव्हतं. कॉनीची हिरवी पेन्सिल टेबलावर होती, आणि ती अजूनही हेटीला आवडत नव्हती. पण ती वळली आणि गल्लीतून धावत सुटली.

वळणावर ट्रॅक्टरच्या जागी चाकांच्या दोन खोल खुणा आणि दबलेली खाजकुयली होती. तिथं एक माणूस बाळाची ढकलगाडी घेऊन धापा टाकत उभा होता. त्याच्यामागे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या आणि त्यांच्यामागे आणखी पाचसात जण.

"ए पोरी, इथं लाल ट्रॅक्टर कुठाय? काय लिहिलंय हे कागदात?"

"माझ्याबरोबर या," हेटी म्हणाली.

ती ढकलगाडीच्या पुढे झाली, हाताने झुडपं बाजूला करत सगळ्यांना गल्लीतून घेऊन गेली आणि फाटकापाशी थांबली. कॉनी घाईघाईने स्कोनवरचं फडकं काढत होती. हेटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि मागच्या म्हाताऱ्या बहिणींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "कागद बरोबर आहे. ट्रॅक्टर जाणार हे मला बुधवारीच कळलं होतं. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही."