सपाट भरलेली वाटी

युद्धाच्या माहितीपटातली बाई आमच्याकडून वाटीभर साखर घेऊन गेली, तेव्हाच मला तिचा संशय आला होता.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून रोज चहाच्या वेळेला टीव्हीवर तोच माहितीपट लावून बसतात. कुठल्यातरी थंड देशातलं जुनं युद्ध, सगळं काळंपांढरं. पडक्या घराच्या दारात डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई उभी असते. त्या दिवशी ती पुढे आली, टीव्हीची कड ओलांडून आमच्या फरशीवर उतरली.

"वाटीभर साखर द्याल का? लगेच आणून देते."

तिचे ओठ आधी हलले. शब्द मागून आले, तेही निवेदकाच्या घोगऱ्या आवाजात.

दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? पण मी काही दूधखुळी नाही. वाटी भरली, वरून बोट फिरवलं आणि सपाट करून दिली. घराला छप्पर नाही, चूल नाही, आणि हिला साखर कशाला हवी?

"शेजारी म्हटलं की देणंघेणं आलंच," हे म्हणाले आणि खारी चहात बुडवली.

आतल्या खोलीत धैर्यशील, माझा एकुलता एक, नवे बूट घालून येरझाऱ्या घालत होता. सैन्यात निवड झालेली, सोमवारी निघायचं होतं. बूट पुढे चावू नयेत म्हणून तो ते घरातच वापरत होता. बाईनं जाताना त्या आवाजाकडे मान वळवून बघितलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. आत खाकी बटणं होती, काहींना अजून दोरा लोंबत होता.

"रिकामं भांडं परत करू नये," ती म्हणाली.

अहो, ते आमच्यातही आहेच की! पण आम्ही चार शेंगदाणे ठेवतो, एखादा लाडू ठेवतो. बटणं कोण ठेवतं? आणि साखरेचं तर नावच काढलं नाही तिनं.

मग तिनं खुर्ची मागितली. हे बसले होते तीच उठून देऊन मोकळे झाले. संध्याकाळी माहितीपटात आमची खुर्ची दिसली, मोडक्या दांडीला मी गुंडाळलेल्या सुतळीसकट. भर रस्त्यात ठेवलेली आणि तिच्यावर एक म्हातारा बसलेला. मग धूर झाला. धूर गेल्यावर नुसती खुर्ची होती. ती परत आली तेव्हा तिच्यावर म्हाताऱ्याचा कोट घडी करून ठेवला होता. खिशात चष्मा होता.

"त्या एका दिवशी चार हजार माणसं गेली," निवेदक म्हणाला.

"अरेरे," हे म्हणाले आणि कपाच्या तळाची खारी चमच्यानं काढायला लागले.

माझं डोकंच फिरलं. चार हजार म्हणजे किती, कळतं का? गल्लीतल्या गणपतीला चारशे पानं उठली, तर वरणाची पातेली पुरली नव्हती. उष्ट्या पत्रावळी टाकायला जागा नव्हती. यांना मी तसं सुनावलं. हे म्हणाले, "ते परदेशात."

नंतर बाई माझी सोलापुरी चादर घेऊन गेली. मी देणार नव्हते, पण तिनं ती दोरीवरूनच काढली. माहितीपटात ती चादर कुणावर तरी घातलेली दिसली. कोपऱ्यातलं रफू माझ्या हातचं, ते मी कुठेही ओळखेन. खालून दोन पाय बाहेर आलेले, तरणे पाय. अनवाणी. एवढ्या बर्फात त्याच्या पायात काही नव्हतं.

चादर आली ती धुऊन, घडी घालून. घडीत लहान मुलाची एकच चप्पल होती. बाई मात्र या वेळी लगेच गेली नाही.

"याच्या पायाचा नंबर काय?" तिनं विचारलं.

"नऊ," मी डोळे वटारेपर्यंत धैर्यशील बोलूनसुद्धा गेला.

"माझ्या पोराचाही नऊच," ती म्हणाली.

मी टीव्हीचं बटण बंद केलं, वायर काढून कपाटात कोंबली, टीव्हीवर जाड पलंगपोस टाकला. पलंगपोसाआडून निवेदक बोलतच राहिला. शनिवारी भर दुपारी तिनं पलंगपोस बाजूला सारला आणि खाली उतरली.

"तेवढे बूट द्या. लगेच आणून देते."

"मिळायचे नाहीत!" मी ओरडले. "आधी माझी साखर दे, भवाने! एकेक करून घर धुऊन नेलंस. तुझी नजर कशावर आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

धैर्यशील खाली बसून नाड्या सोडायला लागला. नाड्या सुटल्या, बूट काही निघेनात. मी ओढले, यांनी ओढले. पायाला चिकटून बसलेले.

"असू दे गं आई," तो म्हणाला. "मीच घालून जातो आणि तिथे काढून देतो. बिचारीचं पोर अनवाणी आहे."

मी त्याचा दंड धरला. हे म्हणाले, "जाऊ दे त्याला, एवढ्याशा गोष्टीला काय?" धैर्यशीलनं पाय उचलून टीव्हीच्या कडेपलीकडे ठेवला, आणि तो पाय राखाडी झाला. माझ्या हातात शर्टाची बाही तेवढी राहिली. त्यानं मागे वळून बघितलं. त्याचे ओठ हलले.

"लगेच येतो," मागून घोगरा आवाज आला.

तेव्हापासून आम्ही दोघं टीव्हीसमोरून हललो नाही. चहा झाला नाही. पडद्यावर सैनिकांच्या रांगा बर्फातून चालल्या होत्या, सगळे सारखेच, सगळ्यांचे बूट सारखेच. मी प्रत्येकाची चाल बघत होते. धैर्यशील डावा पाय जरा बाहेर टाकतो. हेही पुढे वाकून बघत होते आणि पुटपुटत होते, "हा नव्हे. हाही नव्हे."

रविवारी सकाळी बाई आली. बूट आणले होते, पुसून, चकाकवून. तिनं ते सांडणार नाहीत अशा बेतानं, दोन्ही हातांनी आमच्या फरशीवर ठेवले.

काठोकाठ साखर होती त्यांत. मी सपाट दिली होती, तिनं शीग लावून आणली होती.