वेंडेलचा शब्द

आर्डिसने वर्षासाठी एक शब्द निवडायला हवा होता. निदान रोशेलचं तसं म्हणणं होतं.

रोशेलचं रंगांचं दुकान होतं आणि दर जानेवारीत दुकानाच्या मागच्या खोलीत गावातल्या बायका जमायच्या. गेल्या वर्षीची फळी आणायची, तिच्यावर पांढरा रंग फासायचा, वाळला की नवा शब्द रंगवायचा. शब्द उमेदीचाच हवा, हा रोशेलचा नियम. मग फळी उंच धरून तो मोठ्याने म्हणायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि लिंबाच्या वड्यांवर ताव मारायचा. फळी वर्षभर स्वयंपाकघरात टांगली की म्हणे बाई स्वतःला विसरत नाही. विसरायला सवड कुणाला होती?

आर्डिसच्या फळीवर ‘धीर’ होता. तो शब्द तिच्या नणंदेने, इलेनने सुचवला होता. तेव्हा इलेनच्या भावाला, म्हणजे आर्डिसच्या नवऱ्याला, नुकताच पक्षाघात झाला होता. वेंडेलची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकच शब्द काय तो उरला. बरं. सूप हवं? बरं. दुखतंय का? बरं. चिडून चमचा भिरकावला तरी बरं.

नाताळात त्याला न्हाणीघरातून आणताना आर्डिसच्या पाठीत कळ आली आणि दोघंही फरशीवर कोसळली. शेजारचा गॉर्डी येईपर्यंत ती तशीच पडून होती, आणि कोणी आलं नाही तरी चालेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं होतं. त्या वाटण्याची तिला फार भीती बसली. आज सकाळी शुश्रूषा केंद्रातून फोन आला होता. एक खाट रिकामी झाली आहे, संध्याकाळपर्यंत कळवा, मागे रांग आहे.

“तिथे जाशील का रे?” असं ती वेंडेलला महिनाभर विचारत होती. “बरं.” “की घरीच राहशील?” “बरं.” विचारताना ती नेहमी भांडी घासत असायची, त्याच्याकडे पाठ करून.

“माझा शब्द ‘उमलणं’!” इलेनने फळी उंच धरली. टाळ्या झाल्या.

आर्डिसने पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले तरी ‘धीर’ काही जाईना. गेल्या वर्षी हौसेने तिने अक्षरं लाकडाच्या भेगा बुजवायच्या जाड लुकणाने उठावदार केली होती. आता ती पांढऱ्यातूनही ठसठशीत दिसत होती.

“खरवडून काढ गं,” रोशेल म्हणाली. “आणि तोवर मनाला विचार, मला काय हवंय? हे वर्ष तुझं आहे, आर्डिस.”

“तिला काय हवं असणार!” इलेन म्हणाली. “माझा भाऊ बरा व्हायला हवा, दुसरं काय? त्या केंद्राचं खूळ तेवढं डोक्यातून काढ म्हणजे झालं. परक्यांच्या हाती टाकायचं का त्याला?”

“मग तू ने त्याला. एक आठवडा ने.”

“माझे गुडघे बघतेस ना?”

“बघते ना. उमलतायत चांगले.”

कुणीतरी खुदकन हसलं. आर्डिसने सुरी घेतली आणि खरवडायला लागली. लुकण निघालं, त्याखालचा जुना रंग निघाला, लाकडाचा भुगा पडायला लागला तरी ती थांबेना. पाठीतून कळा जात होत्या.

“अगं, पुरे! फळी फुटेल,” इलेन म्हणाली.

“फुटू दे!” आर्डिस ओरडली. “मला शब्द नको. मला झोप हवीय. कुणीतरी येऊन त्याला उचलायला हवंय, मला उचलायला हवंय!”

रोशेलने तिच्या हातातून हळूच सुरी काढून घेतली. “शब्द घरी जाऊन ठरव, हं,” असं म्हणून तिने चार वड्या बांधून दिल्या. तिच्यापाशी तरी दुसरं काय होतं?

घरी गॉर्डी वेंडेलशी पत्ते खेळत बसला होता. “तुझ्या नवऱ्याला तीनदा हरवलं, तरी आपला ‘बरं’च म्हणतोय! असा भिडू जन्मात मिळायचा नाही,” असं म्हणत तो टोपी घालून निघून गेला.

आर्डिसने कोरी फळी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून ती वेंडेलच्या समोर बसली. त्याचा डावा हात तिने हातात घेतला.

“वेंडेल, मला आता हे झेपत नाही रे. मी मरेन. तिथे जाशील का?”

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, मग त्याने ते घट्ट मिटून घेतले.

“बोल ना. जाशील?”

तो बोलला नाही. वर्षभर सगळ्याला बरं म्हणणारा माणूस ओठ आवळून तिच्याकडे बघत राहिला. तोंड काही उघडेना. तेवढा एकच नकार त्याच्यापाशी होता. तो आर्डिसला कळला. पाठ करून विचारलं असतं तर कळलाही नसता.

फोन वाजला. तिने त्याचा हात न सोडता फोन उचलला.

“मग काय ठरलं, बाई?” पलीकडून केंद्रातल्या बाईंनी विचारलं. “उद्या आणताय ना त्यांना? आम्ही खाट तयार ठेवतो.”

वेंडेलची बोटं तिच्या हाताभोवती आवळली गेली.

“बरं,” आर्डिस म्हणाली.